पारा ३०० च्या वर

११ एप्रिल १९४५, रात्र

जेवणाआधी पाहुण्यांसाठी स्वतःच्या हाताने कॉकटेल बनवायचं, ही राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची जुनी हौस. त्या रात्री पाहुणे होते अर्थमंत्री हेन्री मॉर्गेंथाऊ. ओतताना रूझवेल्ट यांचे हात इतके कापत होते की ग्लास कलंडू लागले. मॉर्गेंथाऊ यांनी एकेक ग्लास धरून ठेवला, तेव्हा कुठे ते भरता आले. ही गोष्ट त्यांनी नंतर रोजनिशीत लिहून ठेवली.

घर जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्जचं. १९२१ साली पोलिओने रूझवेल्ट यांचे पाय गेले. १९२४ साली ते पहिल्यांदा इथल्या कोमट झऱ्यांच्या पाण्यात उतरले आणि या जागेवर त्यांचा जीव जडला. १९३२ साली पाइनच्या झाडीत त्यांनी सहा खोल्यांचं छोटं घर बांधलं. या वेळी ते ३० मार्चला विश्रांतीसाठी आले होते. वय ६३. युरोपातलं युद्ध संपत आलं होतं, जपानजवळ ओकिनावावर लढाई पेटली होती, आणि २५ एप्रिलला सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांची परिषद भरायची होती. तिथे जाण्याएवढी ताकद अंगात यावी म्हणून ही विश्रांती.

१२ एप्रिल, सकाळी साधारण सव्वानऊ

नौदलातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. हॉवर्ड ब्रून नेहमीप्रमाणे तपासायला आले. रूझवेल्ट म्हणाले, डोकं थोडं दुखतंय आणि मान आखडली आहे. ब्रून यांनी मान जरा चोळून दिली. तेवढ्याने बरं वाटलं.

मी फिजिशियन आहे, आणि या दिवसाची हकिगत वाचताना दर वेळी इथे थांबतो. रक्तदाब भयंकर चढलेला माणूस आणि आखडलेली मान, हे दोन शब्द शेजारी आले की आज आमच्या कपाळावर आठी पडते. पण ब्रून यांना दोष द्यायला मी धजत नाही. त्यांच्या हातात काय होतं, हे आधी सांगायला हवं.

साधारण वर्षभरापूर्वी, मार्च १९४४ च्या अखेरीस, बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात ब्रून यांनी राष्ट्राध्यक्षांना पहिल्यांदा तपासलं होतं. ओठांवर निळसर झाक, जरा हालचाल केली की धाप, हृदय वाढलेलं, फुफ्फुसाच्या तळाशी पाणी, रक्तदाब १८६/१०८. निदान लपून राहणारं नव्हतंच: अति रक्तदाब, त्यातून आलेला हृदयविकार आणि हृदयाची थकत चाललेली ताकद. राष्ट्राध्यक्षांचे खासगी डॉक्टर होते ॲडमिरल रॉस मॅकिंटायर. ते कान-नाक-घशाचे तज्ज्ञ होते आणि वर्तमानपत्रांना सांगत होते की वयाच्या मानाने प्रकृती उत्तम आहे. ब्रून यांना सक्त ताकीद होती की रुग्णाला काही सांगायचं नाही. आणि रुग्णानेही विचारलं नाही. वर्षभर जवळजवळ रोज दंडाला पट्टा बांधला गेला, रोज पारा चढला-उतरला, पण आकडा किती आला हे ज्याचा दंड होता त्याने कधी विचारलं नाही. आपल्याकडे घरोघरी असा एखादा कर्ता माणूस असतो. ‘मला काय धाड भरली आहे’ म्हणणारा.

ब्रून यांनी जे करता येईल ते केलं. हृदयाला बळ देणारं डिजिटॅलिस दिलं, मीठ कमी केलं, सिगारेटी कमी करायला लावल्या, दुपारची झोप सक्तीची केली, वजन उतरवलं, झोपेसाठी फिनोबार्बिटल दिलं. हृदयाला त्याने आराम पडला, छाती मोकळी झाली. रक्तदाब मात्र उतरला नाही. नॉर्मंडीच्या स्वारीच्या दिवशी, ६ जून १९४४ ला, तो २२६/११८ होता. पुढे तो २६०/१५० पर्यंतही गेला.

तो उतरवणारी धड गोळी तेव्हा जगात नव्हती, आणि यापेक्षाही मोठी अडचण विचारांतच होती. पॉल डडली व्हाइट यांच्यासारखे थोर हृदयतज्ज्ञही आपल्या ग्रंथात असं सुचवत होते की चढलेला दाब ही कदाचित शरीराने स्वतःच केलेली भरपाई असेल, तिला हात लावू नये. अरुंद झालेल्या वाहिन्यांतून रक्त पुढे जायचं तर रेटा जास्त हवाच, असा तो तर्क. याच काळात मुंबईत, केईएम रुग्णालयात, डॉ. रुस्तम जाल वकील आपल्या रुग्णांना सर्पगंधेच्या मुळापासून केलेल्या गोळ्या देऊन त्यांचा रक्तदाब मोजत होते. पन्नास रुग्णांवरचा त्यांचा लेख ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये १९४९ साली छापून आला, तेव्हा जगाचं तिकडे लक्ष गेलं. वॉर्म स्प्रिंग्जच्या सकाळी त्यातलं काहीच ब्रून यांच्या बॅगेत नव्हतं.

दुपारी १२ च्या सुमारास

वॉशिंग्टनची टपालाची थैली हवामानामुळे उशिरा आली. सचिव विल्यम हॅसेट यांनी कागद पुढे ठेवले, रूझवेल्ट सही करत गेले, आणि ओल्या शाईचे कागद हॅसेट खोलीभर वाळत घालत गेले. खोलीत चित्रकार एलिझाबेथ शुमाटॉफ जलरंगात त्यांचं चित्र काढत होत्या. समोर लूसी रदरफर्ड बसल्या होत्या. कधीकाळी त्यांच्यामुळेच रूझवेल्ट दांपत्याचा संसार मोडायला आला होता. नात्यातल्या दोन बहिणी, डेझी आणि लॉरा, आपापल्या कामात होत्या. राखाडी सूट, लाल टाय, खांद्यावर नौदलाचा झगा. त्या दिवशी चेहऱ्यावर रंग चांगला आहे, असं शुमाटॉफ यांना वाटलं. दाब वर चढत असताना तोंडावर लाली येऊ शकते, आणि ती लाली पाहून ‘आज तब्येत छान दिसतेय’ असं बोलून गेलेले नातेवाईक मला पुष्कळदा भेटले आहेत.

दुपारी १

वाढपी टेबल मांडू लागला. रूझवेल्ट यांनी चित्रकार बाईंना सांगितलं, आता पंधरा मिनिटंच उरली आहेत.

दुपारी १.१५

त्यांचं डोकं पुढे झुकलं, हात काहीतरी चाचपू लागले. डेझींना वाटलं, सिगारेट पडली असेल. त्या जवळ जाऊन वाकल्या. रूझवेल्ट यांनी हात डोक्याकडे नेला आणि हळू आवाजात म्हणाले, डोक्याच्या मागच्या बाजूला भयंकर दुखतंय. मग ते खुर्चीतच कोसळले.

सेवक आर्थर प्रेटीमन आणि एक फिलिपिनो मदतनीस यांनी त्यांना उचलून शेजारच्या खोलीत पलंगावर निजवलं. डेझींनी फोन उचलला आणि डॉक्टरांना बोलवा, एवढंच ऑपरेटरला सांगितलं. ब्रून तेव्हा पोलिओच्या रुग्णांसाठी बांधलेल्या तलावावर होते.

दुपारी १.३०

ब्रून खोलीत शिरले. रुग्ण पूर्ण बेशुद्ध. चेहरा पांढराफटक, अंग गार, घामाने निथळणारं. घोरल्यासारखा श्वास. मधूनमधून सारं अंग ताठ होत होतं. लघवी झालेली. डोळ्यांच्या बाहुल्या आधी सारख्या होत्या, पण बघता बघता उजवी बाहुली मोठी झाली आणि मोठीच राहिली. हृदयाचे ठोके मिनिटाला ९६, आवाज स्वच्छ. मग दंडाला पट्टा. वरचा आकडा ३०० च्या बराच पुढे, खालचा १९०. पाऱ्याच्या यंत्राची पट्टी बहुधा ३०० वरच संपते. त्यापुढे डॉक्टरला मोजता येत नाही, फक्त ‘वर’ असं लिहिता येतं.

मेंदूत मोठा रक्तस्राव झाला आहे, हे ब्रून यांना पाहताक्षणी कळलं. त्यांनी गरम पाण्याच्या पिशव्या लावायला सांगितल्या, पांघरुणं घातली, अमाइल नायट्राइट हुंगवलं आणि पॅपाव्हरिनचं एक ग्रेन, म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, इंजेक्शन दिलं.

या इंजेक्शनपाशी जरा थांबू या. पॅपाव्हरिन अफूच्या चिकातून निघतं. जर्मनीत गेओर्ग मेर्क यांनी १८४८ साली ते वेगळं काढलं. मॉर्फीनचं हे भावंड, पण त्याने गुंगी येत नाही की वेदना शमत नाहीत. त्याचं काम वेगळंच आहे. धमनीच्या भिंतीत बारीक स्नायूंचं एक कडं असतं. ते आवळलं की वाहिनी अरुंद होते, सैलावलं की रुंद. पॅपाव्हरिन थेट त्या स्नायूवर बसतं आणि त्याची मूठ सोडवतं. बायपासच्या वेळी छातीतली धमनी हाताळताना आकसू नये म्हणून शल्यविशारद तिच्यावर आजही हेच औषध सोडतात. अमाइल नायट्राइट वेगळ्या वाटेने तेच साधतं. एडिंबराच्या लॉडर ब्रंटन यांनी १८६७ साली ते छातीच्या कळेवर वापरून दाखवलं होतं. ब्रून यांचा विचार सरळ होता. अंग गार पडलंय, चेहरा पांढरा झालाय, दाब गगनाला भिडलाय, म्हणजे शरीरभरच्या वाहिन्या घट्ट आवळल्या आहेत. त्या सैल करू, दाब उतरेल.

दाब उतरलाही. पुढे ते येईलच.

पण कवटीच्या आत तेव्हा काय चाललं असणार? कवटी म्हणजे नारळाची करवंटी, ती ताणत नाही. आत रक्त साचत गेलं की जागा मेंदूची जाते. आतला दाब वाढतो, आणि बाहेरून येणाऱ्या रक्ताला आत शिरणं कठीण होतं. तेव्हा मेंदूचा देठ शेवटचा आटापिटा करतो. तो शरीरभरच्या वाहिन्या आवळतो आणि रक्तदाब चढवतो, कसंही करून रक्त वर पोचावं म्हणून. ही प्रतिक्रिया विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला प्राण्यांवरच्या प्रयोगांतून नीट मांडली ती हार्वी कुशिंग यांनी. याच कुशिंग यांनी १९०१ साली इटलीतल्या पाव्हिया गावातून रिव्हा-रोच्ची यांचा दंडाला बांधायचा पट्टा अमेरिकेत आणला. आणि त्यांचीच मुलगी बेट्सी रूझवेल्ट यांच्या थोरल्या मुलाची, जेम्सची, बायको होती. १९३० ते १९४० अशी दहा वर्षं. रूझवेल्ट यांच्या दंडावरचा पट्टा आणि त्यात चढलेल्या पाऱ्याचा एक अर्थ, हे दोन्ही त्यांच्या व्याह्याकडून आलेले होते. १९४५ साली कुशिंग हयात नव्हते.

म्हणजे १.३० च्या त्या ३०० मध्ये दोन आकडे एकत्र मिसळले होते. एक, वर्षानुवर्षं साचलेला आजार, ज्याने धमनी फोडली. दुसरा, फुटल्यानंतर मेंदूने मारलेली हाक. पहिला उतरवायला हवा होता, तेव्हा औषध नव्हतं. दुसरा उतरवायचा की नाही, हा प्रश्न आजही आम्हाला रात्री दोन वाजता पलंगाशेजारी उभं करून घाम फोडतो.

अपघात विभागात नातेवाईक हात जोडून म्हणतात, “डॉक्टर, बीपी शूट झालंय, एक इंजेक्शन मारा आणि खाली आणा.” त्यांचा जीव तुटत असतो, मला ते कळतं. मी विद्यार्थी असताना निफेडिपिनची कॅप्सूल सुईने टोचून जिभेखाली पिळायची सर्रास पद्धत होती. मिनिटांत पारा धपकन खाली यायचा, आणि सगळ्यांचे चेहरे उजळायचे. मीही ती पिळली आहे. नंतर कळलं की वर्षानुवर्षं चढ्या दाबाला सरावलेला मेंदू असा अचानक उपाशी पडतो, आणि त्या उतरलेल्या आकड्यामागे झटका येऊ शकतो. ती पद्धत मोडीत निघाली. आज लॅबेटॅलॉल, निकार्डिपिन, नायट्रोप्रुसाइड अशी शिरेतून द्यायची औषधं आहेत. ती पंपावर थेंबाथेंबाने चढवायची, दर काही मिनिटांनी दाब मोजायचा, आणि डोळे, हृदय, मूत्रपिंड धोक्यात आले असले तरी एरवी पहिल्या तासात एक चतुर्थांशाहून जास्त उतरवायचा नाही. मेंदूत रक्तस्राव असेल तर हिशेब पुन्हा वेगळा. तिथे लवकर पण अलगद, आणि एका ठरावीक पातळीखाली नाहीच.

ब्रून यांच्याकडे पंप नव्हता, स्कॅन नव्हता. होती ती एक सिरिंज, एक नळी हुंगवायला, आणि पलंगावर जगातला सर्वांत मोठा अधिकार असलेला माणूस. त्यांनी फोन करून वॉशिंग्टनला मॅकिंटायर यांना कळवलं. मॅकिंटायर यांनी अटलांटाला डॉ. जेम्स पॉलिन यांना फोन केला. नामवंत फिजिशियन असलेल्या पॉलिन यांनी राष्ट्राध्यक्षांना आधीच्या वर्षीही तपासलं होतं. ते गाडी काढून आडवाटांनी सुसाट निघाले. अंतर शंभर किलोमीटरहून जास्त.

मधल्या वेळात लूसी रदरफर्ड आणि शुमाटॉफ सामान गोळा करून निघून गेल्या. चित्र तसंच राहिलं, चेहरा रंगवलेला आणि अंगावरचा झगा नुसत्या रेषांत.

वॉशिंग्टनमध्ये पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना कळवलं गेलं ते एवढंच की राष्ट्राध्यक्षांना भोवळ आली आहे. ठरलेला कार्यक्रम रद्द करू नका, लोकांत बोभाटा होईल, असं मॅकिंटायर यांनी सुचवलं. त्या एका मदतनिधीच्या समारंभाला जाऊन बसल्या.

दुपारी २.४५

चेहऱ्याचा रंग सुधारला. श्वास खोल, पण जरा अनियमित. ठोके ९०. रक्तदाब २४०/१२०.

खोलीत कुणी फक्त पट्ट्याकडे बघत असता, तर त्याला वाटलं असतं की इंजेक्शन लागू पडलं.

दुपारी ३.१५

रक्तदाब २१०/११०. दोन तासांत वरचा आकडा ९० हून जास्त उतरला होता. पण उजवी बाहुली तशीच मोठी, आणि आता डावीही मोठी होऊ लागली. अंग मधूनच ताठ व्हायचं आणि तेवढा वेळ श्वास मंदावायचा. ओठ, नखं निळी पडत चालली. आकडा बरा होत होता आणि माणूस जात होता. अशा वेळी नातेवाईक मॉनिटरकडे बोट दाखवून विचारतात, “आता तर नॉर्मलकडे येतंय ना?” आणि त्यांना बाहुल्यांबद्दल सांगायला शब्द सापडत नाहीत.

बाहेरच्या खोलीत सचिव ग्रेस टली कोपऱ्यात बसून प्रार्थना करत होत्या. आतून घरघर ऐकू येत होती.

दुपारी ३.३१

श्वास एकाएकी थांबला. मग अधूनमधून आचके. हृदयाचे आवाज ऐकू येईनात. ब्रून यांनी कृत्रिम श्वास सुरू केला, कॅफीनचं इंजेक्शन स्नायूत दिलं. त्याच क्षणी पॉलिन दारातून आत आले. त्यांनी थेट हृदयात ॲड्रिनलिन टोचलं.

दोन तासांपूर्वीचं इंजेक्शन वाहिन्या सैल करायला होतं, हे त्याच वाहिन्या आवळून हृदय पुन्हा चालवायला.

दुपारी ३.३५

मृत्यू. वॉशिंग्टनच्या घड्याळात तेव्हा ४.३५ झाले होते.

दुपारी ४.३०

गावच्या महापौरांनी जवळच राष्ट्राध्यक्षांसाठी मेजवानी ठेवली होती. मांस शिजलं होतं, वादक वाद्यं जुळवून तयार होते. पोलिओची मुलं संध्याकाळच्या नाटुकल्याची तालीम करत होती. पाहुणे आलेच नाहीत.

वॉशिंग्टनच्या वेळेनुसार ५.४७ ला बातमी जगाला कळली. ७.०९ ला उपराष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली.

रात्र

एलिनॉर विमानाने आणि मग मोटारीने मध्यरात्रीच्या आधी पोचल्या. शेवटच्या वेळी लूसी समोर होत्या, हे त्यांना लॉरांनी तिथेच सांगितलं.

शवविच्छेदन झालं नाही. अंत्ययात्रेसाठी देह टिकवायचं काम मात्र त्याच रात्री झालं. ज्यांनी ते केलं त्यांनी नोंदवून ठेवलं आहे की धमन्या इतक्या कडक झाल्या होत्या की त्यांतून औषधी द्रव आत ढकलणं फार जड गेलं. मी ही नोंद वाचली तेव्हा मला ते दीडचं इंजेक्शन आठवलं. वाहिनीच्या भिंतीतला स्नायू सैल करणारं औषध, आणि वर्षानुवर्षांच्या दाबाने टणक झालेली ती भिंत.

नंतर

पॅपाव्हरिन या कामातून मागे पडलं. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला हायड्रॅलझिन आलं. ते टोचता येत होतं आणि गोळीतही मिळत होतं, आणि गर्भारपणात दाब चढलेल्या बाईला ते आजही दिलं जातं. त्याच दशकात सर्पगंधेतून काढलेलं रेसर्पिन जगभर गेलं. ट्रुमन यांनी जून १९४८ मध्ये हृदयविकाराच्या संशोधनाच्या कायद्यावर सही केली, आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या माणसांचे रक्तदाब मोजून वर्षानुवर्षं लिहून ठेवायला सुरुवात झाली.

रूझवेल्ट यांची मूळ केसपेपरांची फाइल बेथेस्डाच्या तिजोरीतून नाहीशी झाली. ब्रून यांच्याकडे स्वतःच्या टिपणांच्या प्रती होत्या. पंचवीस वर्षं ते गप्प राहिले. एप्रिल १९७० मध्ये त्यांनी ते सगळे आकडे एका वैद्यकीय नियतकालिकात छापले. तिथे ३०० आहे, त्याआधीचे २६० आहेत, १९४१ चे १८८/१०५ आहेत, १९३७ चे १६२/९८ आहेत. त्यातली सर्वांत जुनी नोंद जुलै १९३५ ची, म्हणजे त्या दुपारच्या जवळजवळ दहा वर्षं आधीची: १३६/७८.